टकळी पोचली, अटी मागे राहिल्या
झाकीर हुसेन समितीचा अहवाल आज वाचताना

उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळेतल्या सामानाची मोजदाद करायची होती. डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे होते आणि कोठीत सातवीची दोन मुले होती. मुले एकेक वस्तू उचलून दाखवत आणि मी रजिस्टरात खूण करी. आधी खडू-फळा मोहिमेतली विज्ञानाची पेटी निघाली. तिच्यातली बरीच साधने अजून कागदात गुंडाळलेलीच होती. मग बिनआवाजाचा रंगीत टीव्ही, आच्छादन घातलेले दोन संगणक, एक प्रोजेक्टर आणि चार्जिंग न होणारे टॅबलेट निघाले. अगदी तळाशी एका पत्र्याच्या डब्यात पितळी चकत्यांच्या अकरा टकळ्या होत्या.

"सर, हे काय आहे?" एकाने विचारले. मी सांगितले. पुढचा प्रश्न साहजिकच होता, "फिरवून दाखवा ना!" मला ते जमेना. सूत दर वेळी तुटायचे. वर्धा जिल्ह्यातला शिक्षक, आणि टकळी चालवता येत नाही! मुले हसली, मीही हसलो. पण घरी येताना ते रजिस्टर डोक्यातून जाईना. त्यात नगांचा रकाना होता, किमतीचा होता, 'चालू' की 'बंद' याचाही होता. वस्तू कशासाठी आणली होती, हे लिहायला मात्र जागा नव्हती.

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. इथून एक रस्ता आष्टीकडे जातो, दुसरा आर्वीवरून वर्ध्याला. ज्या शिक्षणयोजनेने टकळीला भारतभरच्या वर्गांत नेले, ती याच वर्ध्यात जन्मली. तरीही तिचा मूळ अहवाल मी कधी नीट वाचला नव्हता. डी.एड.च्या वर्षात 'वर्धा शिक्षण योजना : गुण व दोष' एवढे दहा गुणांपुरते पाठ केले होते. या सुटीत अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. शाळेतला बदल, त्याचे नेतृत्व आणि त्यासाठी आणलेली साधने यांविषयी आज आपण जे बोलतो, त्याबद्दल या जुन्या कागदपत्राने मला बरेच शिकवले. त्याच्या उणिवाही दिसल्या. दोन्ही इथे मांडतो.

अहवालात काय आहे

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे चार ठराव झाले. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून असावे, ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे आणि त्यातून हळूहळू शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघावा. याचा तपशील ठरवण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन, अर्थतज्ज्ञ के. टी. शाह, आर्यनायकम् आणि आशादेवी अशी तिच्यातली माणसे होती. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आत, अहवाल दिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली.

अहवालातले वेळापत्रक आजही चकित करते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, सामाजिक शास्त्रे आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे आणि सुटी १० मिनिटे.

विज्ञानाच्या शिक्षकाला हे पाहून वाईट वाटणारच. मलाही वाटले. पण अभ्यासक्रमाची पाने उलटली तर दिसते की विज्ञान या ३० मिनिटांत कोंडायचे नव्हते. निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर आणि आरोग्य, रसायन, ताऱ्यांची ओळख, शास्त्रज्ञांच्या गोष्टी असा तो पसारा आहे, आणि त्यातले पुष्कळसे कामाच्या त्या ३ तास २० मिनिटांत आपोआप यावे अशी कल्पना आहे.

ही कल्पना पोकळ नाही, हे टकळीपासूनच दाखवता येते. सूत मोजायची जुनी पद्धत अशी : ४ फुटांचा १ तार, १६० तारांची १ लटी, ४ लट्यांची १ गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, २५६० फूट, सुमारे ७८० मीटर सूत. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जितक्या गुंड्या बसतील तो सुताचा नंबर. १६ नंबरच्या सुताची गुंडी सुमारे २८ ग्रॅम भरते आणि ३२ नंबरची सुमारे १४ ग्रॅम. सूत बारीक होत जाते तसा नंबर वाढत जातो. व्यस्त प्रमाण शिकवायला आपण 'चार मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात' हे उदाहरण देतो. ती भिंत कोणी पाहिलेली नसते. इथे मात्र मुलाच्या हातातले सूत तराजूत असते. पेळूतले आखूड तंतू पिळाशिवाय का सुटतात, पीळ दिल्यावर एकमेकांना का धरून ठेवतात, हा घर्षणाचा धडा आहे. टकळीची चकती जड असली की फिरकी जास्त वेळ का टिकते, हा जडत्वाचा धडा आहे. कपाशीच्या शेतातून आलेल्या मुलाला ही दारे उघडून द्यायची होती. अहवालातला मूलोद्योग हा हातांना काम लावण्याइतकाच प्रश्न निर्माण करण्यासाठी होता.

अहवालाचा मोठेपणा

मला या अहवालाचा सर्वांत मोठा गुण वाटला तो असा की, त्याने आपल्याच योजनेतला धोका स्वतः लिहून ठेवला आहे. शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातला बौद्धिक, सामाजिक आणि नैतिक भाग विसरला जाईल, अशी भीती समितीने व्यक्त केली आहे. खर्च निघो वा न निघो, ही पद्धत शिक्षण म्हणून योग्य आहे म्हणून स्वीकारावी, असेही म्हटले आहे. परिषदेत खर्चाचा मुद्दा पुढे होता आणि त्यावर वाद झाला होता. शाळांतला माल बाजारात आला तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल, अशी शंका के. टी. शाह यांनी मांडली होती. अशा वेळी समितीने शिक्षणाचा विचार पहिला ठेवला.

दुसरा गुण म्हणजे, केवळ साधन सुचवून समिती थांबली नाही. साधन कोणत्या परिस्थितीत चालेल हेही तिने सांगितले. वर्गात सरासरी ३० पेक्षा जास्त मुले नसावीत. शिक्षकाला महिना २५ रुपये मिळावेत, निदान २० पेक्षा कमी नसावेत. शिक्षकाचे पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचे असावे आणि लवकर सुरुवात करता यावी म्हणून एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम असावा. शिक्षणाची केंद्रे तीन मानली आहेत : नैसर्गिक परिसर, सामाजिक परिसर आणि हस्तोद्योग. तपासणीबद्दलही वेगळा विचार आहे. तपासनीस हा शिक्षकाला समजून घेणारा जाणकार असावा. शाळांची प्रगती पाहायची तर प्रत्येक मुलाची परीक्षा न घेता भागातली निवडक मुले नमुन्यादाखल पाहावीत.

अहवालाच्या उणिवा

पण अहवाल निर्दोष नाही. दीड महिन्यात सात इयत्तांचा विचार करताना त्याने एक गोष्ट गृहीत धरली. साध्या पगाराचा, सात-आठ वर्षे शिकलेला ग्रामीण शिक्षक टकळीतून गणित, भूगोल आणि इतिहास दर दिवशी शोधून काढील. हे काम फार अवघड आहे. मी वीस-बावीस वर्षे शिकवतो आहे. माझ्याच्याने आठवड्यातून एकदा असे होते. मग बाकीचे दिवस शिक्षक काय करणार? एक तर नुसती कताई, नाहीतर ओढूनताणून जोड लावणे. कापूस आला की लगेच मँचेस्टर, मँचेस्टर आले की इंग्लंडचा नकाशा. मुलाच्या मनात तो प्रश्न आलेला नसतोच.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. अभ्यासक्रमात कताईची वेगाची आणि सुताच्या नंबराची उद्दिष्टे सहामाहीवार नेमकी दिली आहेत. प्रश्न विचारण्याची, निरीक्षणाची, एकमेकांना समजावून देण्याची उद्दिष्टे मात्र सामान्य शब्दांत आहेत. जे मोजता येते ते आकड्यात आणि जे मोजायला अवघड ते सद्भावनेत, अशी ही विभागणी झाली. मग वरून तपासायला येणारा माणूस काय तपासणार? साहजिकच आकडे. समितीने ज्या धोक्याची सूचना दिली, त्याची वाट तिच्याच तक्त्यांतून गेली.

काय पोचले, काय राहिले

पुढच्या वर्षांत बुनियादी शाळा निघाल्या. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघात आर्यनायकम् दांपत्याने खरोखरीचे काम उभे केले. पण इतरत्र काय झाले ते जुन्या शिक्षकांकडून ऐकलेले आपल्याला माहीत आहे. टकळ्या शाळाशाळांत पोचल्या. ३० मुलांची मर्यादा पोचली नाही. तीन वर्षांचे प्रशिक्षण पोचले नाही. तीन केंद्रांपैकी एकच पोचले. जाणकार तपासनिसाऐवजी गुंड्या मोजणारा तपासनीस आला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कोणत्याही एका टप्प्याला 'बुनियादी' हे वेगळे नाव देण्याची गरज मानली नाही आणि सर्वच शिक्षणात 'कार्यानुभव' असावा असे सुचवले. हेतू चांगला होता. पण शाळेत त्याचे काय झाले? दिवसाच्या निम्म्याहून जास्त वेळ ज्यासाठी योजला होता, ते आठवड्याच्या दोन-तीन तासिकांचे एक पद झाले आणि मार्कलिस्टमध्ये एक श्रेणी झाली.

मी इथे थांबलो आणि कोठीतल्या संगणकांचा विचार करू लागलो. त्यांचेही नेमके असेच झाले होते.

तीच गोष्ट पुन्हा

संगणक आपल्या देशातल्या शाळांत १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पाने आले. ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो हे यंत्र सुरुवातीला २५० शाळांना मिळाले. पुढे आणखी योजना आल्या आणि यंत्रे खेड्यापर्यंत पोचली. आमच्याकडे संगणकासाठी वेगळी खोली झाली, खोलीला कुलूप आले आणि वेळापत्रकात 'संगणक' असा तास आला. इतिहासाचा किंवा विज्ञानाचा शिक्षक त्या खोलीत जाईना, कारण ते त्याचे काम नव्हते. कार्यानुभवासारखाच संगणकही एक विषय झाला. ज्याने सगळ्या विषयांना हात द्यायचा, तेच साधन वेगळ्या खोलीत बसले.

हे केवळ आपलेच दुर्दैव नाही. लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाचे 'टीचर्स अँड मशीन्स' हे पुस्तक १९८६ साली आले. चित्रपट, रेडिओ, टीव्ही आणि संगणक ही साधने विसाव्या शतकात अमेरिकन वर्गांत कशी आली आणि किती टिकली, याचा त्यात शोध आहे. चित्रपट आता पाठ्यपुस्तकाची जागा घेईल, असे भाकीत एडिसनने १९२२ साली केले होते. दर वेळी क्रम तोच. आधी मोठ्या घोषणा, मग खरेदी, मग शिक्षकांचा वापर कमी आहे अशी तक्रार आणि शेवटी शिक्षकांवर खापर. क्यूबन या ठिकाणी शिक्षकाच्या बाजूने एक साधा मुद्दा मांडतो. चाळीस मुलांना सांभाळत, तासाच्या घंटेत, अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या माणसाला जे साधन उपयोगी पडते ते तो उचलतोच; खडू आणि फळा त्याने उचललाच ना? पुस्तकाची मर्यादा अशी की, ते शिक्षकाचे न वापरणे उत्तम समजावून सांगते, पण शिक्षक एखादे साधन मनापासून का धरतो हे फारसे सांगत नाही. ते कळायला आपल्याकडच्या शाळा पाहाव्या लागतात.

ज्यांनी स्वतः धरले

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड लावले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर हे कोड आले आणि डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. तिथले साधन तर फारच साधे : फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, आणि बसलेल्या मुलांचा गोल.

या तीन ठिकाणांत सारखे काय आहे? साधन वेगवेगळे आहे, पण तिन्ही ठिकाणी समोरच्या मुलांची एखादी नेमकी अडचण आधी होती आणि साधन नंतर आले. कोकणातल्या आणि आदिवासी भागातल्या बालशिक्षणात हेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला केले होते. माँटेसरीची महागडी साधने तिथल्या मुलांपर्यंत पोचणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया आणि खडे ही साधने झाली. त्यांनी साधन बदलले, पण बाल शिक्षणाचे तत्त्व तेच ठेवले.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाने अशा कामाची दखल घेतली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे हा त्याचा आग्रह होता. शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून शिकावे, याला त्याने वाट करून दिली. राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला गेले. मी गेलो नव्हतो, पण आमच्या केंद्रातले दोघे गेले होते आणि आल्यावर तासभर उत्साहाने बोलत होते.

पण मग काय झाले? पुढच्या काही महिन्यांत जिथे जावे तिथे फरशा रंगलेल्या दिसू लागल्या. आकृत्या त्याच, रंगही तेच. काही वर्गांत मुले त्या आकृत्यांवर सतरंजी टाकून बसत, कारण फरशी गार लागते. डिजिटल शाळांची मोजणी सुरू झाली. आमच्याकडे वर्गात टीव्ही लागला त्या दिवशी त्याचा फोटो वर गेला. नंतर त्याचे काय झाले हे कोणी विचारले नाही. कुमठ्याचे शिक्षक एकमेकांशी जे बोलत, चुकत, पुन्हा करून पाहत, ते फोटोत येत नाही. फरशी येते. जे १९३८ नंतर टकळीचे झाले, तेच इथे झाले. साधनाला वाहून नेणे सोपे असते. ज्या परिस्थितीत ते जन्मले ती परिस्थिती वाहून नेणे अवघड असते, म्हणून ती मागेच राहते.

पेरूने काही वर्षांत मुलांना दहा लाखांच्या आसपास स्वस्त लॅपटॉप वाटले आणि शिकण्यात अपेक्षित वाढ दिसली नाही, हे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंदवले आहे. शिक्षणातली तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात, असेही तो अहवाल सांगतो. हे साधन कोणाच्या अटींवर, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. वर्ध्याचा १९३७ चा अहवाल वाचलेल्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही.

नेतृत्व म्हणजे काय

मग मुख्याध्यापकाने, केंद्रप्रमुखाने, अधिकाऱ्याने काय करावे? नेतृत्व म्हटले की आपल्यासमोर धडाडीचा एक माणूस येतो. आमच्या शाळेतही असे एक मुख्याध्यापक होते. त्यांनी गावातून वर्गणी जमवली, प्रोजेक्टर आणला, संध्याकाळी पालकांना बोलावून अंतराळाच्या फिल्मा दाखवल्या. त्यांचे सगळे मला पटले. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. प्रोजेक्टरचा दिवा गेला तेव्हा नवा कुठून आणायचा हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. वीजबिल थकले आणि खोलीला कुलूप लागले. आम्ही त्यांना दोष दिला नाही, पण एक गोष्ट नंतर लक्षात आली. ते सर्व स्वतः करीत आणि आम्ही पाहत होतो. त्यांनी आमच्याकडून कधी काही करवून घेतले नाही. त्यात आमचाही आळस होताच.

अहवालातल्या तपासनिसाच्या कल्पनेत मला याचे उत्तर सापडते. तो येतो, वर्गात बसतो, शिक्षकाला काय अडते ते पाहतो आणि दुसऱ्या शाळेत काय चालले आहे ते सांगतो. मोजणी करायची तर थोड्या मुलांची, नमुन्यादाखल. म्हणजे मोजणीने शिक्षकाचा सगळा वेळ खाऊ नये. आजच्या भाषेत सांगायचे तर, माहिती भरण्याच्या कामातून शिक्षकाला आठवड्याचे दोन तास सोडवून देणारा मुख्याध्यापक नवा संगणक आणणाऱ्यापेक्षा मोठे काम करतो. त्या दोन तासांत दोन शिक्षक एकमेकांचा वर्ग पाहू शकतात.

टकळी आणि मोबाईल

आता त्या डब्यातल्या अकरा टकळ्यांचे काय झाले ते सांगतो.

गावातल्या एका आजींनी मुलांना टकळी फिरवायला शिकवली. दोन आठवड्यांत चौघांना जमू लागले. मला अजूनही नीट जमत नाही. एका मुलाने गंमत म्हणून वडिलांच्या मोबाईलवर फिरत्या टकळीचे चित्रण केले. चकतीवर एक पांढरा ठिपका दिला होता. चित्रण पाहून तो ओरडला, "सर, हे तं उलटं फिरून राहिलं!"

खरेच, ठिपका उलट्या दिशेने सरकताना दिसत होता. सगळी मुले गोळा झाली. टकळी उजवीकडे फिरते आहे हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. मोबाईल खोटे का दाखवतो? मी उत्तर सांगितले नाही, कारण त्या क्षणी मलाही पुरते सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलचे चाक हाताने फिरवून पाहिले, सिनेमातल्या बैलगाडीची आणि मोटारीची चाके आठवली. हळूहळू मुलांनीच मांडले की, मोबाईल सलग पाहत नाही, तो सेकंदाला साधारण ३० चित्रे घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळेत ठिपका एक फेरा पुरा करायला थोडा कमी पडला, तर तो मागे सरकल्यासारखा दिसतो. बरोबर एक फेरा झाला तर जागेवर थांबल्यासारखा दिसतो.

मग मंदगती चित्रणाची सोय असलेला एक मोबाईल मिळाला. तो सेकंदाला २४० चित्रे घेत होता. मुलांनी एकेक चित्र पुढे सरकवत मोजले. टकळी सोडल्याबरोबर १२ चित्रांत एक फेरा, म्हणजे सेकंदाला २० फेरे. थोड्या वेळाने २४ चित्रांत एक फेरा, म्हणजे १० फेरे. वेग का घटला? हवा, सुताचा पीळ, हाताचा धक्का, सगळ्यांवर वाद झाला. दोघींनी चकतीला मातीचा गोळा चिकटवून फिरकी जास्त टिकते का ते पाहिले. त्या दिवशी गणिताचा तास कधी संपला ते कळले नाही.

या गोष्टीत मोबाईलला किंवा टकळीला नमस्कार करावा असे मला म्हणायचे नाही. टकळीच्या तासाला मुले कातत बसली असती आणि मी गुंड्या मोजल्या असत्या, तर हे झाले नसते. मोबाईलवर फिरकीची तयार फिल्म दाखवली असती, तरी झाले नसते. मुलाच्या हातात काहीतरी फिरत होते, ते अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले आणि आमच्याकडे दोन दिवस थांबायला वेळ होता. वर्गात मुले २३ होती. ती ५० असती तर? मग त्या मुलाचा आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नसता. समितीने ३० मुलांची मर्यादा का घातली असेल, ते मला त्या दिवशी कळले.

शेवटी

सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा मध्यंतरी बंद पडली होती. नई तालीम समितीने २००५ साली ती पुन्हा सुरू केली. तिथे शेती, स्वयंपाक आणि सूत यांतून शिकणे चालते. ती शाळा पाहायला जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी एवढेच सुचवीन. टकळी कुठे मिळते हे विचारू नका. शिक्षक एकमेकांशी कधी बोलतात, मुलाचा प्रश्न आला की वेळापत्रक कोण थांबवते आणि वर्गात मुले किती, हे विचारा. पष्टेपाड्याला, कुमठ्याला, कुठेही गेलात तरी हेच विचारा.

नवीन साधन शाळेत येईल तेव्हा, आणि ते येतच राहणार, आपणही दोन-तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. याच्यामुळे मूल असे काय करील जे आतापर्यंत करता येत नव्हते? ते चालवायला किती वेळ, किती मुले, किती जण शिकलेले लागतील आणि ते सगळे येणार आहे का? आणि ते आणणारा माणूस उद्या बदलून गेला तर कोण चालवील? उत्तरे मिळाली नाहीत तर साधन नाकारावे असे नाही. निदान मागे काय राहिले ते लिहून ठेवावे.

आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात मी पेन्सिलने एक रकाना वाढवला आहे : 'कशासाठी'. टकळ्यांच्या पुढे सध्या 'सातवी, फिरकीचा वेग' एवढे लिहिले आहे. संगणकापुढची जागा मोकळी आहे. पुढच्या वर्षी मुलांना विचारून ती भरायची आहे.